चॉकीच्या खोलीत हीटर आणि कूलर दोन्ही चालवणारा थर्मोस्टॅट : जोडणी, सेटिंग आणि चाचणी

तुतीशेती_जालना

नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात रेशीम किड्यांच्या संगोपनासाठी आमची तुतीची लागवड आहे. आतापर्यंत आम्ही चॉकी (अंड्यातून निघाल्यापासून दुसऱ्या कातीपर्यंतच्या लहान रेशीम अळ्या) बाहेरून आणून फक्त मोठ्या अळ्यांचे संगोपन करत होतो. यंदा शेतातच बारा बाय पंधरा फुटांची, पक्क्या भिंतींची आणि स्लॅबची एक खोली चॉकीसाठी वेगळी केली असून, आमच्यासह शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांना पुरेल एवढी चॉकी तिथेच तयार करण्याचा विचार आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत पहाटे चांगलीच थंडी असते आणि दुपारी मात्र ऊन तापते, त्यामुळे एकाच दिवसात रात्री हीटर आणि दुपारी कूलर अशी दोन्हींची गरज पडते. रात्री कोणी तरी उठून हीटर चालू-बंद करण्यापेक्षा हे काम थर्मोस्टॅटने करावे, म्हणून एसटीसी-१००० या प्रकारचा, २२० व्होल्टवर चालणारा कंट्रोलर आणला आहे. सोबत दोन हजार वॉटचा तेलाचा हीटर आणि नेहमीचा वाळ्याच्या जाळीचा कूलर आहे.

कंट्रोलरच्या मागे आठ खुंट्या आहेत. १ आणि २ वर वीज दिली, ३ आणि ४ ला सेन्सर जोडला, ५ आणि ६ ला हीटरच्या दोन वायरी आणि ७ आणि ८ ला कूलरच्या दोन वायरी लावून घेतल्या. आकडा दिसतो, तापमान उतरले की हीटरचा दिवा लागतो, आतून ‘टक्’ असा आवाजही येतो. परंतु हीटर तापत नाही आणि कूलरही फिरत नाही. हीटर आणि कूलर थेट बोर्डात लावले तर दोन्ही व्यवस्थित चालतात.

दुसरी अडचण अशी, की कंट्रोलर २७ दाखवतो तेव्हा भिंतीवरचा काट्याचा तापमापक २५ दाखवतो. यांपैकी खरे कोणाचे मानायचे? आणि एफ-१ ते एफ-४ या सेटिंगमध्ये चॉकीसाठी नेमके काय भरावे? अंडीपुंज (रेशीम किड्यांची अंडी) येण्यापूर्वी हे सगळे तपासून पाहायचे आहे, कारण एकदा अळ्या ट्रेमध्ये आल्या की प्रयोग करायला वाव राहत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

वायरिंग_बीड

नमस्कार. आपला कंट्रोलर बिघडलेला नाही, जोडणी अपुरी आहे. या कंट्रोलरच्या ५-६ आणि ७-८ या खुंट्यांवर वीज स्वतःहून येत नाही. आत फक्त रिलेचे संपर्क आहेत, म्हणजे भिंतीवरच्या बटणासारखे दोन स्विच आहेत असे समजा. ‘टक्’ आवाज येतो तेव्हा ५ आणि ६ एकमेकांना जोडले जातात, पण त्या दोन्हींपैकी कुठेही फेज दिलेली नसल्यामुळे हीटरकडे जायला काहीच नसते.

त्यासाठी ज्या खुंटीवर कंट्रोलरची फेज येते तिथून ५ ला एक लूप (जोडवायर) आणि ७ ला दुसरा लूप घ्यावा. ६ वरून निघालेली वायर हीटरच्या फेजला आणि ८ वरून निघालेली कूलरच्या फेजला जाईल. हीटर आणि कूलर या दोघांचेही न्यूट्रल कंट्रोलरमध्ये न आणता सरळ बोर्डाच्या न्यूट्रलला जोडावे. स्विच नेहमी फेजवर असावा, न्यूट्रलवर नसावा. अन्यथा हीटर बंद दिसत असतानाही त्याच्या आत वीज उभी राहते, आणि ज्या खोलीत ओल्या हातांनी काम चालते तिथे ही गोष्ट जिवावर बेतू शकते. हे काम सुरू करण्यापूर्वी मेन बंद करावा आणि परवानाधारक वायरमन जवळ असावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

यापेक्षाही महत्त्वाची बाब हीटरच्या भाराची आहे. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. या कंट्रोलरच्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे कागदावर तो बसतो. परंतु बारा-चौदा तास चालू-बंद होणाऱ्या रिलेला इतक्या काठावर चालवणे योग्य नाही. त्याचे संपर्क हळूहळू जळतात आणि एखाद्या दिवशी ते एकमेकांना चिकटून बसतात. तसे झाले की कंट्रोलरचा दिवा विझतो, पण हीटर चालूच राहतो, आणि चॉकीच्या बंद खोलीत त्याचा परिणाम काय होईल हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मध्ये २३० व्होल्ट कॉइलचा, २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा, विजेने चालणारा स्विच) घ्यावा. कंट्रोलरच्या ६ नंबरवरून फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालेल आणि हीटरचा सगळा भार कॉन्टॅक्टरच्या संपर्कांवर जाईल. कूलरचा भार दीड-दोनशे वॉटचा असल्यामुळे तो थेट ८ वर ठेवला तरी हरकत नाही. हीटरसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की तुटणारा स्विच), संपूर्ण खोलीसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतले अर्थिंग, या तीन गोष्टींत काटकसर करू नये.

जोडणी झाल्यावर पहिली चाचणी हीटर आणि कूलर न लावता करावी. हीटर आणि कूलरच्या जागी ६ आणि ८ वर होल्डरमध्ये साधे साठ किंवा शंभर वॉटचे बल्ब लावावेत. मल्टिमीटर कधी कधी वायरमधला नुसता शिरकाव झालेला दाबही व्होल्टमध्ये दाखवतो, बल्ब मात्र वीज खरोखर वाहते आहे की नाही ते सांगतो. एफ-१ ला २७ आणि एफ-२ ला १ भरून सेन्सरचे टोक बर्फाच्या पाण्यात सोडावे. आकडा भराभर उतरेल आणि २६ ला किंवा त्याखाली येताच हीटरचा बल्ब लागेल. मग सेन्सर पुसून मुठीत घट्ट धरावा. आकडा २७ वर पोहोचताच हीटरचा बल्ब विझेल. मुठीत तो सहसा ३२-३४ पर्यंत चढतो, त्यामुळे २८ ओलांडल्यावर कूलरचा दिवा आधी लुकलुकेल आणि काही मिनिटांनी स्थिर होऊन कूलरचा बल्ब लागेल. लुकलुकणारा दिवा पाहून बिघाड आहे असे समजू नये. कॉम्प्रेसर असलेल्या यंत्रांना बंद झाल्यावर लगेच चालू करायचे नसते, म्हणून या कंट्रोलरमध्ये तेवढा थांबा ठेवलेला आहे. एफ-३ म्हणजे हाच थांबा. कारखान्यातून तो ३ मिनिटांवर येतो आणि १ ते १० मिनिटांपर्यंत बदलता येतो. आपल्याकडे साधा कूलर असल्यामुळे तो १ वर ठेवला तरी चालेल. वीज जाऊन परत आली की हा थांबा पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, हेही लक्षात असावे.

चॉकीकेंद्र_धाराशिव

वायरिंगबाबत वरील प्रतिसादात जे सांगितले आहे त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी संगोपनाच्या बाजूने लिहितो, कारण थर्मोस्टॅट बरोबर चालला तरी चॉकी बरोबर येईलच असे नाही.

आधी तापमानाचे गणित पाहू. पहिल्या अवस्थेत २८ अंश आणि दुसऱ्या अवस्थेत २७ अंश तापमान, आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता, हे प्रमाण आपण सगळे पाळतो. पुढे मोठ्या अळ्यांसाठी तेच तापमान २४-२५ पर्यंत आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास खाली आणावी लागते, पण तो भाग या खोलीचा नाही. एफ-१ म्हणजे अपेक्षित तापमान, म्हणून पहिल्या अवस्थेत तिथे २८ भरा आणि पहिली कात झाल्यावर ते २७ करा. एफ-२ म्हणजे फरक. कारखान्यातून तो ०.५ वर येतो. चॉकीसाठी तो तसाच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एफ-१ मध्ये २७ आणि एफ-२ मध्ये ०.५ असेल तर हीटर २६.५ ला चालू होतो आणि २७ ला बंद होतो, कूलर २७.५ ला चालू होतो आणि २७ ला बंद होतो. म्हणजे हीटर बंद झाल्यापासून कूलर सुरू होण्यापर्यंत फक्त अर्ध्या अंशाची जागा राहते. तेलाचा हीटर वीज तोडल्यावर लगेच थंड होत नाही. त्याच्या आतले तापलेले तेल पुढे बराच वेळ उष्णता देत राहते, खोली २७ वरून २८ वर जाते, कूलर सुरू होतो, कूलर खोली थंड करतो आणि पुन्हा हीटर सुरू होतो. अशी दोन्ही यंत्रे रात्रभर एकमेकांविरुद्ध चालतात, विजेचे बिल वाढते आणि ट्रेमधला कोवळा पाला कधी सुकतो तर कधी नको तेवढा ओला होतो.

म्हणून खोली रिकामी असतानाच हीटर बंद झाल्यानंतर आकडा किती वर चढतो ते मोजावे. कूलरचे बटण हाताने बंद ठेवावे, संध्याकाळी खोली थंड असताना हीटर कंट्रोलरवर सुरू करावा आणि तो २७ ला तुटल्यानंतर दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहावा. आकडा चढायचा थांबला की जो सर्वांत मोठा आकडा मिळेल त्यातून २७ वजा करावेत. एफ-२ हा त्या फरकापेक्षा थोडा जास्त असला पाहिजे. हा फरक दीड अंशाच्या वर येत असेल तर एफ-२ वाढवत बसण्याऐवजी हीटर अर्ध्या क्षमतेवर चालवावा, कारण एफ-२ फार वाढवला तर खालच्या बाजूलाही तापमान तितकेच उतरते आणि हीटर उशिरा सुरू होतो. हळू तापणारा छोटा हीटर चॉकीसाठी मोठ्या हीटरपेक्षा कितीतरी चांगला.

सेन्सर कुठे टांगायचा याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते निम्मे प्रश्न तिथेच आहेत. कंट्रोलरला खोली दिसत नाही, त्याला फक्त सेन्सरचे टोक कळते. ते टोक भिंतीला चिकटले असेल तर तो भिंतीचे तापमान सांगेल, खिडकीजवळ असेल तर बाहेरच्या वाऱ्याचे सांगेल. ट्रेंची चळत जिथे उभी राहणार आहे तिथे, मधल्या ट्रेच्या उंचीवर, हीटरपासून दूर आणि कूलरच्या झोताबाहेर तो मोकळा लोंबता ठेवावा. खोलीत गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचा ट्रे आणि खालचा ट्रे यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. चाचणीच्या रात्री तिन्ही उंचींवर एकेक तापमापक ठेवून तो फरक पाहावा. फरक जास्त असेल तर एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून मंद गतीवर सतत चालू ठेवावा म्हणजे हवा मिसळते. मात्र त्याचा वारा ट्रेवर थेट येता कामा नये, नाहीतर पाला वाळतो. संगोपनात ट्रेची जागा वर-खाली बदलत राहणे हे तर चालूच ठेवावे.

आता आर्द्रतेविषयी, कारण हा थर्मोस्टॅट आर्द्रतेचा विचार करत नाही. मार्च ते मे या काळात आपल्या भागातली हवा कोरडी असते, त्या वेळी कूलर दुहेरी काम करतो : खोली थंडही करतो आणि ओलावाही देतो. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगल्या जाळीचा कूलर हवा २६-२७ पर्यंत खाली आणू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, आणि तेव्हा पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा २८ च्या खाली जाणे निसर्गतःच शक्य नसते. कंट्रोलर बिचारा २७ गाठण्यासाठी कूलर दिवसभर चालूच ठेवतो, खोली दमट होत जाते आणि बुरशीजन्य रोगाला आमंत्रण मिळते. पावसाळ्यात कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा आणि एक्झॉस्ट चालवावा. अळ्या कातीवर बसल्या की ऋतू कोणताही असो, पंप बंद करावा, कारण त्या वेळी पाला द्यायचा नसतो आणि बिछाना कोरडा हवा असतो. या कामासाठी पंपाला वेगळे बटण काढून घ्या. कूलरच्या दोन्ही गोष्टी एकाच वायरवर ठेवू नका.

याउलट थंडीत हीटरने हवा कोरडी पडते. तेव्हा ट्रेच्या वर-खाली पॅराफिन कागद (मेणकागद) आणि कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या, ही आपली नेहमीची पद्धतच कामी येते.

जुने_संगोपक_सातारा

सर्वांचे लेखन वाचले आणि आवडलेही. तरीही एक शंका मांडतो. आम्ही वर्षानुवर्षे कोळशाच्या शेगडीवर चॉकी काढली आहे आणि चांगली काढली आहे. एवढ्याशा खोलीसाठी कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, आरसीसीबी हा सगळा खर्च नवीन शेतकऱ्याने करावा का? वीज गेली तर शेवटी शेगडीच पेटवावी लागणार आहे.

चॉकीकेंद्र_धाराशिव

आदरणीय काका, आपल्या अनुभवाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि वीज जाण्याचा आपला मुद्दा अगदी रास्त आहे. परंतु शेगडीबाबत माझे मत वेगळे आहे. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो अळ्यांपेक्षा आधी खोलीत झोपलेल्या माणसाला धोक्यात आणतो. धुराने अळ्या पाला खायच्या मंदावतात हे आपणही पाहिले असेलच. शेगडी वापरायचीच झाली तर निखारे बाहेर पूर्ण फुलल्यावर, धूर संपल्यावरच आत आणावेत, झरोके उघडे ठेवावेत आणि त्या खोलीत कोणीही झोपू नये. माझ्या मते तिचा वापर वीज गेल्यावरच, तोही तात्पुरता असावा.

तुतीशेती_जालना

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. लूप काढल्यावर बल्बची चाचणी तंतोतंत सांगितल्याप्रमाणे झाली, कूलरचा दिवा आधी लुकलुकला आणि नंतर स्थिर झाला. कॉन्टॅक्टर बसवून हीटर जोडला आहे. रिकाम्या खोलीतल्या चाचणीत हीटर पूर्ण क्षमतेवर असताना आकडा २७ ला तुटून २८.९ पर्यंत चढला, तर अर्ध्या क्षमतेवर तो २७.८ ला थांबला. त्यामुळे हीटर अर्ध्यावर ठेवून एफ-२ ला १ भरले आहे. पहाटे बाहेर कडाक्याची थंडी असतानाही अर्ध्या क्षमतेचा हीटर खोली २६ च्या खाली जाऊ देत नाही, हेही पाहून घेतले.

कंट्रोलर आणि भिंतीवरचा तापमापक यांच्यातला दोन अंशांचा फरक मात्र तसाच आहे. एफ-४ मध्ये, म्हणजे आकड्यातली चूक सुधारण्याच्या सेटिंगमध्ये, उणे २ भरावे का? आणखी एक विचारायचे आहे. घरी एक जुना एसी पडून आहे. कूलरऐवजी तो ७-८ वर जोडला तर पावसाळ्याचा प्रश्न सुटेल का?

मापनकक्ष_नाशिक

मी कारखान्यात तापमापक तपासण्याच्या कामावर आहे, म्हणून या प्रश्नावर लिहितो. भिंतीवरच्या काट्याच्या तापमापकावर भरवसा ठेवून एफ-४ बदलू नये. त्यातली धातूची पट्टी काळानुसार सरकते, आणि तो भिंतीला टेकलेला असल्यामुळे थंडीत भिंतीइतका थंड राहतो. दोन उपकरणांत फरक पडला म्हणजे त्यांपैकी एक बरोबर आहे असेही नसते; दोन्ही चुकीची असू शकतात. म्हणून ज्याचे तापमान आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा गोष्टीशी तुलना करावी.

त्यातली सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे वितळणारा बर्फ. बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये किंवा जाड पेल्यात गच्च भरावा आणि फटी भरतील इतकेच थंड पाणी वर ओतावे. नुसत्या पाण्यात चार खडे तरंगत असतील तर ती चाचणी होत नाही, कारण तळाचे पाणी तीन-चार अंशांवर राहते. सेन्सरचे टोक मधोमध खुपसून, अधूनमधून हलवत, आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. तो ० च्या किती जवळ येतो ते लिहून ठेवावे.

परंतु आपल्याला २७-२८ ला अचूकता हवी आहे, शून्याला नव्हे, आणि एफ-४ सगळीकडे सारखीच बेरीज किंवा वजाबाकी करतो. सेन्सरची चूक मात्र सगळीकडे सारखी असेलच असे नाही. म्हणून दुसरी तपासणी कामाच्या तापमानाच्या वरच्या बाजूला करावी. घरातला ताप मोजायचा डिजिटल तापमापक ३५ ते ४२ या टप्प्यात बऱ्यापैकी अचूक असतो. थर्मासमध्ये ३७-३८ अंशांचे कोमट पाणी घ्यावे, तापमापकाचे आणि सेन्सरचे टोक रबर बँडने एकत्र बांधून पाण्यात बुडवावे, पाणी ढवळत राहावे आणि दोन्ही आकडे एकाच क्षणी लिहावेत. तापमापकाचा पडद्याकडचा भाग पाण्यात जाऊ देऊ नये. समजा बर्फात कंट्रोलरने ०.४ दाखवले आणि कोमट पाण्यात तो ०.६ जास्त दाखवतो, तर २७ ला चूक त्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे; एफ-४ मध्ये उणे ०.५ भरावे. दोन्ही ठिकाणी चूक एक अंशाच्या आत आली तर कंट्रोलर आपल्या जातीला धरूनच आहे, कारण त्याची अचूकताच अधिक-उणे एक अंश सांगितलेली असते. फरक तीन-चार अंशांचा निघाला तर एफ-४ ने तो झाकू नये, सेन्सर बदलावा.

आकडे भरताना एक काळजी घ्यावी. ‘एस’ बटण तीन सेकंद दाबून सेटिंगमध्ये गेल्यावर बदल करून शेवटी चालू-बंदचे बटण एकदा हलके दाबले तरच तो बदल जतन होतो. तसे न करता सोडून दिले तर दहा सेकंदांनी कंट्रोलर आपोआप बाहेर येतो आणि जुनेच आकडे कायम राहतात. भरून झाल्यावर वरच्या बाणाचे बटण एकदा दाबून अपेक्षित तापमान आणि खालच्या बाणाचे दाबून फरक, असे दोन्ही पुन्हा पाहून घ्यावे.

सेन्सरची वायर कमी पडली तर ती वाढवता येते. त्याचा रोध दहा हजार ओमच्या घरातला असल्यामुळे काही मीटर तांब्याच्या वायरने वाचनात फरक पडत नाही. सांधे मात्र झाळून, वर नळी चढवून बंद करावेत आणि ती वायर हीटरच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नये. आकड्याच्या जागी ‘ईई’ दिसले तर सेन्सर तुटला आहे किंवा आत शॉर्ट झाला आहे.

एसीबाबत माझा सल्ला स्पष्टपणे ‘नको’ असा आहे. एसीला स्वतःचे नियंत्रण असते. बाहेरून त्याची वीज सारखी तोडली तर अनेक एसी वीज परत आल्यावर स्वतःहून सुरूच होत नाहीत, रिमोटची वाट पाहतात. इन्व्हर्टर प्रकारच्या एसीसाठी तर अशी तोडजोड हानिकारक आहे. शिवाय दीड टनी एसीचा सुरुवातीचा प्रवाह या रिलेच्या आवाक्यातला नाही. पावसाळ्यात एसी लावायचाच असेल तर तो त्याच्या रिमोटवर २७ ला स्वतंत्र चालवावा आणि या कंट्रोलरकडे फक्त हीटर ठेवावा.

वायरिंग_बीड

दोन गोष्टी राहिल्या होत्या, त्या लिहितो.

पहिली वीज जाण्यासंबंधी आहे. हा कंट्रोलर आपले आकडे विसरत नाही, वीज परत आली की तो होता तसा कामाला लागतो. परंतु हीटरचे तसे असेलच असे नाही. स्पर्शाच्या बटणांचे आणि रिमोटचे हीटर वीज आल्यावर बंद अवस्थेतच राहतात, त्यामुळे कंट्रोलरचा दिवा रात्रभर लागलेला आणि हीटर थंडगार, असे घडते. फिरवायच्या बटणाचाच हीटर असावा, त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवून ठेवावा म्हणजे तो मध्येच तुटणार नाही, आणि मेनचा स्विच दोन-चार वेळा पाडून-चढवून हीटर प्रत्येक वेळी आपोआप सुरू होतो की नाही ते पाहावे.

दुसरी गोष्ट हीटर बंद न होण्याची. कॉन्टॅक्टर बसवला म्हणून तो कधीच चिकटणार नाही असे नाही. सेन्सर टांगलेल्या जागेवरून खाली फरशीवर पडला तरी कंट्रोलर खोली थंड समजून हीटर चालूच ठेवेल. यासाठी ० ते ४० अंशांचा, तांब्याच्या बारीक नळीचा एक साधा कॅपिलरी थर्मोस्टॅट घ्यावा. तो १६ अँपिअरचा मिळतो. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये न टाकता हीटरच्या मुख्य फेज वायरमध्येच, कॉन्टॅक्टरच्या पुढे, एकामागे एक असा जोडावा. कॉइलमध्ये टाकला तर कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. त्याचा फुगा (नळीचे तापमान ओळखणारे टोक) वरच्या ट्रेच्या उंचीवर ठेवून काटा ३१ वर लावावा. तपासण्यासाठी हीटर चालू असताना काटा हळूहळू खाली फिरवावा. खोलीच्या तापमानाशी येताच हीटर तुटला पाहिजे. तुटला की काटा परत ३१ वर नेऊन तिथे रंगाने खूण करून ठेवावी, म्हणजे साफसफाईत कोणाचा हात लागून तो सरकला तर लगेच कळेल.

आणि प्रत्येक बॅचपूर्वी खोलीत ब्लीचिंग पावडर आणि चुन्याची फवारणी होईल तेव्हा कंट्रोलरचा डबा व सेन्सर दोन्ही काढून बाहेर ठेवावेत. क्लोरिनने रिलेचे संपर्क आणि खुंट्यांचे स्क्रू हिरवे पडतात. म्हणून जोडणी करतानाच डब्याला प्लग आणि सॉकेट द्यावे, आणि परत लावल्यावर बर्फ आणि मुठीची चाचणी पुन्हा एकदा करूनच अंडीपुंज आत न्यावेत.